ओड्नी होल्मेंगची सुटी माणसं

ओड्नी होल्मेंगने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. नॉर्वेतल्या त्या फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, अलीकडे-पलीकडे आज जो कुणी स्टिअरिंगला हात लावतो, तो कधी ना कधी तिच्या शेजारी घामाघूम होऊन बसलेला आहे. त्यामुळे माणसाची पारख तिने नेहमी गाडीवरूनच केली. बँकेचा मॅनेजर म्हणजे आरशात न बघता मागे जाणारा. पाद्रीबाबा सज्जन, पण चौकात देवावर फार भरवसा ठेवणारे. नवरा आर्विद तेवढा पहिल्या झटक्यात पास झाला, म्हणून तिने त्याच्याशी लग्न केलं. "दुसरं काही खास नव्हतं त्याच्यात," असं ती चारचौघांत सांगायची, आर्विदच्या देखत. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, तो तिच्या अंगात इतका मुरला होता, की निवृत्त झाल्यावरही समोरचा बोलताना वाहवत चालला की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अख्खा हिवाळा खुर्चीत बसायची वेळ आली, तेव्हा तिने कॉम्प्युटरवर वंशावळीचा प्रोग्रॅम घेतला. आर्विद जन्मभर वीजकेंद्रात काम केलेला माणूस. त्याला मेलेल्या लोकांत काडीचा रस नव्हता.

"कॉफीला येणार आहेत का ते?" तो विचारायचा. "नाही ना? मग कशाला त्यांच्या मागे लागायचं?"

पण ओड्नी लागली. आपलं नाव, बापाचं, आजोबांचं, मग वर वर चढत चर्चच्या जुन्या नोंदींपर्यंत. वसंत आला तोवर होल्मेंगांचं झाड एवढं माजलं होतं, की पडद्यावर मावेना. बरोबरीने दुसरीही एक गोष्ट वाढत गेली. ओड्नीचा नियम एकच होता : पुरावा नाही, तर जोड नाही. शंभर ठिकाणी वाटलं, नाव जुळलं, गाव जुळलं, तरी कागद किंवा खात्रीचं माणूस 'हो' म्हणत नाही तोवर ती कुणाला कुणाचा बाप होऊ देत नसे. अशा माणसांना त्या प्रोग्रॅममध्ये नुसतं नाव घालून ठेवता येतं. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, शेजारी बायको नाही. ही झाली सुटी माणसं. मग कुठे नवरा-बायको आणि दोन पोरं, पण बाकी कुणाशी नातं ठाऊक नाही, अशी चिमुकली वेगळी झाडं. एकाच फाइलमध्ये मधोमध होल्मेंगांचा वटवृक्ष आणि भोवती ही खुरटी झुडपं.

आर्विद त्या यादीला 'बोटीच्या धक्क्यावरची वेटिंग रूम' म्हणायचा. "कोण कोण बसलंय आज?" असं विचारून डोकवायचा. तिथे एक शिंपी होता. तो दारू पिऊन पुलावरून पडला आणि पाद्र्याने त्याच्या नावापुढे 'इथला नव्हे' एवढंच लिहून हात झटकले. एक भांड्यांना कल्हई लावणारा होता, त्याला आडनावच नव्हतं. आणि एक मार्ते होती. वीस वर्षांत गावात जेवढे बाप्तिस्मे झाले, त्यांतल्या निम्म्यांना ही बाई पोराची धर्ममाता, म्हणजे मानलेली आई, म्हणून हजर. पण ती स्वतः कुणाची, कुठली, पत्ता नाही.

"फुकटच्या जेवणाला जात असणार," आर्विद म्हणाला.

प्रोग्रॅम अधूनमधून साफसफाईला निघायचा. या माणसांचा कुणाशीच संबंध नाही, काढून टाकू का, असं विचारायचा. ओड्नी 'नाही'वर एवढ्या जोराने बोट मारायची की टेबल हलायचं.

"यांनी तुझं काय घोडं मारलंय?" ती कॉम्प्युटरला विचारायची.

तोर्लैफ तिला भेटायला आला, तो याच सुमाराला. तोर्लैफ हा मोठ्या होल्मेंगचा, म्हणजे घराण्याच्या मूळ शेतवाडीचा, मालक, नात्याने तिचा चुलत-चुलत भाऊ, वयाने बराच लहान. गाई नावाला, खरी कमाई फियोर्डातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर. त्याने ठरवलं होतं, की उन्हाळ्यात सगळ्या होल्मेंगांचं संमेलन भरवायचं. कोठाराच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच झाड छापून लावायचं. प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाचा बिल्ला.

"ओड्नीताई, झाड तुझ्याकडूनच हवं," तो म्हणाला. "आणि तो डॅनिश सरदार तेवढा वरती घाल."

"कुठला सरदार?"

"अगं, जो आपल्याकडे उतरला होता. जुन्या काळात."

"एक रात्र उतरला होता, तोर्लैफ. एवढंच लिहिलंय. एक रात्र आणि घोड्याला चारा."

"एक रात्र पुरते की."

ओड्नीचा उजवा पाय टेबलाखाली दाबला गेला. "तुला मी तीनदा नापास केलंय," ती म्हणाली. "चौथ्यांदा करायला लावू नकोस."

सरदार झाडावर चढायचा राहिला. पण संमेलनाची बातमी तोर्लैफने इंटरनेटवर टाकली आणि अमेरिकेतून डार्लिन नावाच्या बाईचा निरोप आला. नॉर्थ डकोटातली, निवृत्त नर्स. तिचे पणजोबा ऊले होल्मेंग, मोठ्या होल्मेंगचे धाकटे चिरंजीव, तरुणपणी अमेरिकेला आलेले. तिने आपली वंशावळीची फाइलच पाठवून दिली. ओड्नीने ती नेहमीप्रमाणे वेगळं झाड म्हणूनच आत घेतली. खात्री होईपर्यंत आपल्या झाडाला शिवू द्यायची नाही.

प्रोग्रॅम मात्र उतावीळ. त्याने लगेच विचारलं : हे दोन ऊले एकच दिसतात, एकत्र करू का?

ओड्नीने दोघांना शेजारीशेजारी उघडलं. जन्म तोच. आईबाप तेच. एक ऊले नॉर्थ डकोटात मळणीयंत्राच्या जवळ हृदय बंद पडून गेला. दुसरा ऊले चार वर्षं आधी इथेच, स्वतःच्या अंथरुणात गेला आणि चर्चच्या भिंतीलगत पुरला गेला. हा दुसरा म्हणजे ओड्नीचा सख्खा आजोबा.

"एक माणूस दोनदा मरत नाही," ती म्हणाली. "निदान आपल्या गावात तशी पद्धत नाही."

"अमेरिकेत असेल," आर्विद म्हणाला. "तिकडे सगळंच दोन-दोन असतं."

डार्लिनच चुकली असणार, याबद्दल ओड्नीला शंका नव्हती. लोकांना काय, नाव दिसलं की चिकटवतात. पण बाईने कागद पाठवले होते. बोटीत चढल्याची नोंद, लग्नाची, दफनाची, आईबापांच्या नावासकट. मग ओड्नीने आपल्या आजोबांचा पुरावा शोधायला घेतला आणि तिला घाम फुटला. पुरावा नव्हताच. अगदी पहिल्या दिवशी, नियमबियम ठरायच्या आधी, तिने बापाकडून लहानपणी ऐकलेलं तसंच्या तसं टाइप केलं होतं आणि नंतर साऱ्या गावाकडे कागद मागत फिरताना स्वतःकडे मागायचं राहून गेलं होतं.

ती तडक वृद्धाश्रमात गेली. तिथे यूरुनआत्या होती, नव्वदीच्या पार पुढे गेलेली, मोठ्या होल्मेंगची लेक. अमेरिकेला गेलेला ऊले असलाच, तर तो तिचा सख्खा काका. यूरुनआत्या खिडकीशी बसून वॉफल खात होती. त्यावर तपकिरी चीजचे एवढे थर होते, की खालचं वॉफल दिसत नव्हतं.

"आत्या, ऊले काका अमेरिकेला गेला होता का गं?"

"गेला की. एक फोटो आला होता नाताळात. टोपी घातलेला. मग काही नाही."

"मग माझे आजोबा कोण?"

यूरुनआत्याने तोंडातला घास संपवला. "तो स्वीडनचा," ती म्हणाली. "रस्त्याच्या कामावर आलेला. सुरुंग लावायचा. ऊलोफ नाव होतं. खाली लहान होल्मेंगच्या वाडीवर भाड्याने राहिला, तिथलीच पोरगी केली आणि जागेचं नाव लावलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. जिथे राहाल ते तुमचं आडनाव."

"स्वीडनचा?"

"अगं, आपण नॉर्वेवाले तेव्हा नुकतेच स्वीडनच्या राज्यापासून वेगळे झालो होतो. कोण सांगणार होतं मी स्वीडिश म्हणून? त्याने जीभ वळवून घेतली आणि ऊलोफचा ऊले झाला. आमचा ऊले नुकताच गेला होता, नाव मोकळंच होतं. तुझ्या बापाला ठाऊक होतं, पण शाळेत पोरं चिडवतील म्हणून तो होल्मेंगच सांगायचा. मोठ्यांना सगळं माहीत होतं. मोठे मेले."

ओड्नी म्हणाली, "मी इतकी वर्षं इथे येतेय. कॉम्प्युटर घेऊन येतेय. मला एकदा सांगायचं होतंस!"

"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, आपल्या अमक्या पूर्वजाची दुसरी बायको कोण. मला काय ठाऊक त्या काळातलं? मी काय तेव्हा होते?"

"म्हणजे तू माझी आत्याच नाहीस."

"साठ वर्षं माझी कॉफी प्यालीस," यूरुनआत्या म्हणाली, "ती काय आता ओकणार आहेस? बस. वॉफल खा."

ओड्नीने खाल्लं. रडू येत होतं, पण चीजने तोंड एवढं चिकटलं होतं की जमलं नाही.

घरी येऊन तिने फाइल उघडली. आजोबांच्या नावावर गेली आणि 'आईवडिलांपासून वेगळं करा' हे बटण दाबलं. बटण साधं. काही वाजलं नाही. तिच्या डोक्यावर तीनशे वर्षांचे होल्मेंग होते, ते सगळे एका क्षणात परके झाले. तिने प्रत्येकाला नुसत्या नावाने ओळखलं होतं असं नाही. कोण भांडखोर, कोण चर्चमध्ये झोपायचा, कुणाची किती पोरं गेली, सगळं तिला ठाऊक होतं. आता त्यांच्यातला कुणीही तिचा कुणी नव्हता.

तिने वेगळ्या झाडांची यादी उघडली. तिला वाटलं, आपण, बाप, स्वीडनचा आजोबा, भाऊ, पोरंबाळं मिळून एक नवं झुडूप तिथे उगवलं असेल. यादीत काहीच वाढलं नव्हतं. तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. तेच.

"आर्विद! हे मोडलंय. मी तुटतच नाहीये."

आर्विदने चष्मा लावला, पडद्यावर बोट फिरवलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे ओड्नीने त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"माझ्या आजीची आजी कुठली होती गं?"

ओड्नीने डोळे मिटले. आर्विदच्या आजीची आजी मोठ्या होल्मेंगची होती. पुराव्यानिशी. तिनेच जोडली होती.

"म्हणजे मी होल्मेंग," आर्विद म्हणाला, "आणि तू माझी बायको म्हणून झाडाला लटकून आहेस. माझ्या जोरावर. थोडं नीट वाग आता माझ्याशी."

"पुन्हा परीक्षा घेऊ का तुझी?"

"घे. पहिल्या झटक्यात पास होतो मी."

तोर्लैफला सांगितलं तेव्हा त्याचं झाड छापून आलं होतं. सगळ्या रंगांचे बिल्लेही आले होते. ओड्नीची शाखा पिवळी.

"ओड्नीताई, छापलंय ना एकदा? संपलं. कोण बघायला येतंय?"

"डार्लिन येतेय. तिचा पणजोबा माझा आजोबा म्हणून छापलायस तू."

"तिला नॉर्वेजियन येत नाही."

"तिला ऊले वाचता येतं, मूर्खा."

"मग शनिवारी गप्प बस आणि रविवारी सांग!" तोर्लैफ रडकुंडीला आला. "मुख्य भाषण तुझं आहे. होल्मेंग घराण्याचा इतिहास. आणि तू उभी राहून काय सांगणार, मी त्यातली नाही?"

"तेच सांगणार."

आणि तिने तेच सांगितलं. कोठारात दोनशे माणसं, आंबट सायीची खीर आणि सुकवलेलं मटण हाणून सुस्तावलेली. ओड्नीने यूरुनआत्याने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, अमेरिकेचा ऊले आणि स्वीडनचा ऊलोफ. मग म्हणाली, "पिवळे बिल्लेवाले हो, आपण होल्मेंग नाही. जेवण झालंय, आता कुणी परत मागणार नाही."

काही लोक हसले. पिवळे हसले नाहीत. त्यांच्यातला तिचा धाकटा भाऊ आइनार बसल्या जागी लाल झाला. आइनारने आपल्या थडग्याचा दगड आधीच करवून घेतला होता. वर्ष तेवढं घालायचं बाकी होतं, आडनाव मात्र खोल आणि सोनेरी.

"मी दगड कोरून घेतलाय, ओड्नी!" तो भर कोठारात ओरडला.

"आडनाव तेच राहतं, आइनार. फक्त ते जागेचं आहे, रक्ताचं नाही."

"स्वीडिश!" आइनार म्हणाला, जणू कुणीतरी त्याला कुष्ठरोग झाल्याचं सांगितलं होतं. "मी आयुष्यभर त्यांच्या स्कीइंगच्या टीमला शिव्या दिल्या."

तोर्लैफने माइक हिसकावून घेतला आणि कॉफी तयार असल्याची घोषणा केली. ती तयार नव्हती. त्या गोंधळात डार्लिन उठली, पुढे आली आणि तिने ओड्नीला मिठी मारली. तिला आपल्या आजीकडून एकच नॉर्वेजियन वाक्य येत होतं, ते तिने भरल्या डोळ्यांनी म्हटलं : "जेवण फार छान झालं."

ओड्नीने पिवळा बिल्ला काढला आणि दाराशी ठेवलेल्या टोपलीतून पांढरा घेतला. पांढरा म्हणजे लग्नाने आलेले. पांढऱ्यांना झाडावर फांदी नव्हती, फक्त कंसात नाव होतं. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे कपबशा धुणं मात्र त्यांच्याकडेच होतं. तेव्हा ओड्नी स्वयंपाकघरात गेली. आत सुना, जावई, विधुर, दुसऱ्या बायका, सगळी गर्दी. कुणीतरी तिच्या हातात पुसायला टॉवेल दिला. वाईट वाटत होतं, आणि ते तिला लपवता येईना. बशी पुसता पुसता ती मध्येच थांबायची, मग पुन्हा पुसायला लागायची.

"एवढं काय त्यात," पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक म्हातारा जावई म्हणाला. "मी चाळीस वर्षं पांढरा आहे. इकडे आत गप्पा चांगल्या असतात."

गप्पा खरंच चांगल्या होत्या. होल्मेंगांबद्दल जे होल्मेंग कधी बोलत नाहीत, ते सगळं तिथे फेस आलेल्या पाण्यात तरंगत होतं. ओड्नीने सहज आपल्या वेटिंग रूमबद्दल सांगितलं. शिंपी, कल्हईवाला. मार्तेचं नाव निघाल्यावर त्या म्हाताऱ्याचे हात थांबले.

"जाडी मार्ते? ती सुईण होती! आमच्या आजीच्या तोंडी असायची. बर्फ असो, वादळ असो, होडी वल्हवत यायची आणि पोर नीट निघालं की तिथेच धर्ममाता व्हायची. लोकांना दुसरं काही द्यायला नसायचं ना, मग मान द्यायचे."

"कुणाची ती?"

"ते ठाऊक नाही."

मार्ते सुईण होती, एवढं ओड्नीने फाइलमध्ये लिहिलं. जोड कुणाशीच दिली नाही. तोर्लैफने झाड पुन्हा छापून घेतलं, कुरकुर करत, आणि ओड्नीशी बोलणं टाकलं. नाताळच्या आधी त्याने एक भलामोठा सॅमन दारात ठेवला आणि बेल न वाजवता पळाला. त्याच हिवाळ्यात यूरुनआत्या गेली. अंत्यविधीला ओड्नी चर्चमध्ये कुटुंबाच्या बाकावर बसली. कुणी उठवलं नाही, आणि उठवलं असतं तर ती उठली नसती.

पुढच्या शरद ऋतूत ती आणि आर्विद गाडी घेऊन वेर्मलांडला निघाली, स्वीडनमध्ये. यूरुनआत्याला ऊलोफबद्दल आणखी दोनच गोष्टी ठाऊक होत्या : गाव तळ्याकाठी होतं आणि बाप लाकडांचा कोळसा पाडायचा. आयत्या वेळी आइनार मागच्या सीटवर येऊन बसला. थोबाड चढवून.

"मी फक्त बघायला येतोय," तो म्हणाला. "मानत नाहीये."

वेर्मलांडमध्ये जिकडेतिकडे तळी, आणि त्या काळी जो तो कोळसा पाडायचा. चर्चच्या कार्यालयातल्या बाईंनी जुनी पुस्तकं समोर मांडली. नॉर्वेला गेलेले, साधारण त्याच वयाचे ऊलोफ भराभर निघायला लागले.

"किती हवेत?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पुष्कळ आहेत."

मुक्काम संपला तेव्हा ओड्नीकडे चांगले पाच ऊलोफ जमले होते, एकही पक्का नाही. एक चर्चमध्ये वाद्य वाजवायचा. एक वेडसर. एकाने तर सरपंचाचा घोडा चोरला आणि हद्द ओलांडून पसार झाला. परतीच्या वाटेवर आइनार मागच्या सीटवरून पुढे वाकला.

"घोडेवाला घे," तो म्हणाला.

"पुरावा?"

"मला आतून वाटतंय. बाबांनापण घोडे आवडायचे."

"बाबा घोड्यांना घाबरायचे, आइनार."

"तेच तर! उगाच घाबरेल का कुणी?"

आर्विद एवढा हसला की ओड्नीने गाडी बाजूला घेतली. तिथेच थर्मासमधली कॉफी काढली आणि तिघांनी पाचही ऊलोफांवर वाद घातला. ऊन उतरेपर्यंत.

घरी आल्यावर ओड्नीने पाचही जणांना फाइलमध्ये घातलं, प्रत्येकाला आपापल्या आईबापांसकट, पाच वेगळी झाडं करून. आपल्या आजोबांच्या वरची जागा तिने कोरी ठेवली. आइनार आता दर रविवारी फोन करतो. तब्येतीची चौकशी करत नाही, हवापाण्याचं बोलत नाही. "घोडेचोराचं काही कळलं का?" असं विचारतो, आणि नाही म्हटलं की तिलाच दोष देतो, की तू मनापासून शोधत नाहीस, तुला तो वाजंत्री आवडलाय.